महामार्ग खात्याचे मासिक

निसर्गचित्रणाचा इतिहास म्हटला की बहुधा कॅमेऱ्यांची आणि भिंगांची हकीकत सांगितली जाते. आम्हांस त्याआधी विचारावासा वाटतो तो प्रश्न निराळा आहे. छायाचित्रकार उभा कोठे राहिला, आणि त्याला तेथवर नेले कोणी?

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याचे ‘ॲरिझोना हायवेज’ हे मासिक या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. ते १९२५ साली काढले तेथील महामार्ग खात्याने! प्रारंभी त्यात रस्तेबांधणीचा रुक्ष मजकूर असे. १९३८ साली रेमंड कार्लसन संपादक झाले आणि मासिकाने प्रवाशाकडे तोंड वळवले. डिसेंबर १९४६ चा अंक तर संपूर्ण रंगीत निघाला. खात्याने सडक बांधावी आणि मासिकाने त्या सडकेवर माणसे आणावीत, असा हा सरळ व्यवहार होता.

या पानांवर दृश्याच्या काही तऱ्हा रुळल्या. लोकांना सर्वांत आवडे ती दूरदृश्याची. क्षितिजाशी तांबड्या खडकांचे मनोरे, वर ढग, आणि खालच्या अंगाला अगदी जवळचे काहीतरी, एखादे वाळके खोड किंवा वाळूवरच्या लाटा. जवळच्या वस्तूवाचून दूरचा डोंगर कागदावर चपटा पडतो. दुसरी तऱ्हा वाकलेल्या फांदीच्या किंवा दगडी कमानीच्या चौकटीतून पाहण्याची. तिसरीत खडकाची उंची कळावी म्हणून माणूस उभा करीत, आणि त्याच्या अंगात लाल सदरा असला तर फारच उत्तम. त्या काळच्या सचित्र मासिकांच्या या हौसेला ‘लाल सदऱ्याचा संप्रदाय’ असे थट्टेचे नाव पडले. माणूस असा पुतळ्यासारखा का उभा, याचे कारण मात्र यांत्रिक होते. त्या वेळची कोडाक्रोम फिल्म फार मंद होती. जवळचे आणि दूरचे दोन्ही रेखीव यावे म्हणून भिंगाचे छिद्र बारीक केले, की प्रकाश घेण्यास अधिक वेळ लागे. तेवढा वेळ हलून चालत नसे.

योसेफ म्युंच हे जर्मनीत जन्मलेले छायाचित्रकार या शैलीचे मोठे मानकरी. मॉन्युमेंट व्हॅलीत दुकान चालवणारे हॅरी गोल्डिंग यांनी १९३८ च्या सुमारास त्यांचीच छायाचित्रे हॉलिवुडला नेऊन जॉन फोर्ड यांच्यापुढे ठेवली, असे सांगतात. १९३९ सालच्या ‘स्टेजकोच’ या चित्रपटात ती दरी जगाने पाहिली.

पण ही दरी नवाहो लोकांची भूमी. १९३० नंतरच्या दशकात जमिनीची धूप होते या कारणास्तव संघ सरकारने त्यांच्या मेंढ्या सक्तीने कमी केल्या. हजारो मेंढ्या मारल्या गेल्या. धूप खोटी नव्हती, परंतु कळप हेच ज्यांचे धन, त्यांना तो घाव जन्मभर विसरता आला नाही. आणि मौज म्हणावी की क्रौर्य, वाळूच्या टेकडीवरून उतरणारा मेंढ्यांचा कळप ही याच काळात छायाचित्रकारांची आवडती अग्रभूमी ठरली! चित्र पाहून कोणास शंकाही येऊ नये, इतके ते शांत असे. खोटे त्यात काही नव्हते. कळपाचा धनी चौकटीबाहेर होता, इतकेच.

१९५८ साली नवाहोंच्या परिषदेने त्या दरीचे आपले स्वतःचे उद्यान केले. तेथे कॅमेरा घेऊन येणारा प्रवासी प्रवेशशुल्क भरतो ते नवाहोंच्या नाक्यावर.