टनामागे दहा रुपये: ऊसतोड कामगार महामंडळाची वाटचाल

ऊसतोड कामगारांचे नेते गोपीनाथ मुंडे 2014 मध्ये गेले. त्यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाची घोषणा झाली, पण ते बरीच वर्षे कागदावरच राहिले. बीडच्या टोळ्या मात्र दर दसऱ्यानंतर मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडायला गाव सोडतच होत्या. आजारपणात दिवस बुडाला तरी खाडा म्हणून दंड कापला जाई.

2019 मध्ये गर्भाशय काढलेल्या तोडणी मजूर बायांचा प्रश्न राज्यभर गाजला. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 महिलांच्या सर्वेक्षणात 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. पुढे अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली.

महामंडळ उभे राहिले ते निधीची सोय लागल्यावर. गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्याने 10 रुपये द्यायचे आणि सरकारने तेवढीच भर घालायची, असे ठरले. एप्रिल 2022 मध्ये पुण्यात कार्यालय सुरू झाले. कामगारांची नोंदणी, ओळखपत्रे आणि मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहे ही कामे हाती आली. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर टनाला 273 वरून 366 रुपये झाला, तो मात्र कामगार संघटना आणि साखर संघाच्या वाटाघाटीतून.

त्याच वर्षी मार्चमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उसाच्या या फडांमधली कर्जाची वेठ, बालविवाह आणि शस्त्रक्रिया यांचा धागा कोकाकोला आणि पेप्सिकोच्या साखरेपर्यंत नेला. आता प्रश्न जगाच्या बाजारात गेला आहे, आणि तिथे अशा कारणांवरून दारे बंद होऊ शकतात. मानवी हक्कांच्या उल्लंघनावरून युरोपीय संघाने कंबोडियाच्या काही मालाची करसवलत 2020 मध्ये काढली, त्यात साखरही होती.

उद्या परदेशी ग्राहकाने आपल्या साखरेकडे पाठ फिरवली, तर पहिला फटका कोयत्यालाच, म्हणजे तोडणी मजुरालाच बसेल. म्हणून मजुरांचे हक्क पाळण्याची अट इथेच, कारखान्याच्या दारात घातली पाहिजे. शेतकऱ्याची एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, थकली तर साखर आयुक्त गाळप परवाना रोखू शकतात. मग फडावर पाणी, शौचालय आणि दवाखाना नसेल, उचलीचा लेखी हिशेब नसेल, तर परवाना का मिळावा? ही पाहणी करण्याचा अधिकार महामंडळाला द्यावा आणि तिचा अहवाल दर हंगामापूर्वी आयुक्तांच्या टेबलावर असावा. निधी गोळा करणारी संस्था हक्कांची राखण करू लागेल, तेव्हाच तिची स्थापना सार्थकी लागेल.