शब्द हाच गुरू : शीख धर्मातील ग्रंथाचे स्थान

शिखांच्या गुरुद्वारात प्रथमच पाऊल टाकणाऱ्यास एका गोष्टीचा उलगडा होत नाही. मूर्तिपूजेचा स्पष्ट निषेध करणाऱ्या या धर्माच्या मंदिरात उंच आसनावर, छताखाली, रुमाल्यांनी आच्छादलेला एक ग्रंथ विराजमान असतो. त्यावर चवरी ढाळली जाते, येणारा प्रत्येकजण त्यापुढे मस्तक टेकतो, आणि रात्री त्यास विधिपूर्वक विश्रांतिस्थानी नेऊन पहाटे पुन्हा उघडण्यात येते. ही ग्रंथाची मूर्तिपूजाच नव्हे काय, असे पुष्कळांनी विचारले आहे. या प्रश्नाचे उत्तर विधीत शोधण्यापेक्षा इतिहासात शोधावे, असे आम्हांस वाटते.

गुरू नानकांच्या (१४६९–१५३९) शिकवणुकीत खरा गुरू म्हणजे ईश्वराचा शब्द होय. मनुष्यगुरू हा त्या शब्दाचा वाहक. दुसरे गुरू अंगद यांनी ही वाणी लिहिण्यासाठी गुरुमुखी लिपी रूढ केली. पुढे गुरूंच्या नावावर खपविली जाणारी बनावट पदे पसरू लागली, तेव्हा पाचवे गुरू अर्जन यांनी अस्सल वाणीचा संग्रह करविला. भाई गुरदास यांनी तो लिहून काढला आणि १६०४ मध्ये अमृतसरच्या हरिमंदिरात त्याची स्थापना झाली. बाबा बुढ्ढा हे पहिले ग्रंथी. त्या रात्री गुरू अर्जन स्वतः ग्रंथाशेजारी भुईवर निजले, असे परंपरा सांगते. गुरू हयात असतानाच ग्रंथाला त्यांच्याहून उंच आसन मिळाले होते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

या ग्रंथात केवळ शीख गुरूंची वाणी नाही. विणकर कबीर, चर्मकार रविदास, सूफी शेख फरीद यांची पदे गुरूंच्या पदांबरोबर त्याच रागांत गुंफलेली आहेत. आपल्या नामदेवांची ६१ पदेही त्यांत आहेत. ती मराठी अभंग नव्हेत, उत्तरेकडील संतभाषेत रचलेली आहेत. तथापि पंढरीच्या शिंप्याची वाणी पंजाबात गुरुवाणी म्हणून गायिली जाते, याची जाणीव मराठी वाचकांत अजून पुरेशी रुजलेली नाही.

दहावे गुरू गोविंदसिंग यांचे चारही पुत्र त्यांच्या हयातीतच मृत्यू पावले. १७०८ मध्ये गोदातीरी नांदेड येथे देह ठेवताना त्यांनी देहधारी गुरूंची परंपरा समाप्त करून ग्रंथालाच गुरुपद दिले, अशी शिखांची श्रद्धा आहे. डब्ल्यू. एच. मॅक्लाउड यांच्यासारख्या संशोधकांच्या मते या सिद्धान्तास पूर्ण रूप अठराव्या शतकात क्रमाक्रमाने आले. काही असो, त्या शतकातील छळाच्या काळात विखुरलेले खालसा दल ग्रंथासमोर एकत्र बसून जो निर्णय घेई, तो 'गुरमता' म्हणजे गुरूचाच निर्णय मानला जाई. आजही ग्रंथ सहज उघडून डावीकडील पानावरील पद वाचतात व तो त्या दिवसाचा 'हुकूम' ठरतो. बालकाचे नावही अशाच पदाच्या आद्याक्षरावरून ठेवतात, आणि विवाहात वधूवर ग्रंथाभोवतीच चार फेऱ्या घेतात.

हे न उमगल्याने पाश्चात्त्य अभ्यासकांची कशी फसगत झाली, ते अर्न्स्ट ट्रुम्प यांच्या उदाहरणावरून दिसते. पूर्वी मिशनच्या सेवेत असलेल्या या जर्मन पंडिताचे अपुरे भाषांतर १८७७ मध्ये प्रसिद्ध झाले. भाषाज्ञान मोठे, परंतु ग्रंथाविषयी तुच्छता इतकी उघड की शीख समाज दुखावला गेला. मॅकॉलिफ यांनी पुढे ग्रंथींचे साहाय्य घेऊन १९०९ मध्ये सहा खंड प्रसिद्ध केले. भाषाशास्त्रात ते ट्रुम्प यांच्या तोडीचे नसतील. पण ग्रंथ ज्यांचा गुरू आहे त्यांच्याजवळ बसून त्यांनी तो वाचला, आणि आमच्या मते हाच फरक निर्णायक ठरला.

सन २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, गुरुद्वारात विधिवत स्थापिलेला गुरू ग्रंथसाहेब ही कायद्याच्या दृष्टीने 'व्यक्ती' होय, असा निर्णय दिला. तो मूर्ती नव्हे, हेही त्यात स्पष्ट केले. प्रत्येक छापील प्रत मात्र अशी व्यक्ती ठरत नाही.

नांदेडच्या हजूर साहेबात आणखी एक विशेष आढळतो. तेथे आदिग्रंथासोबत गुरू गोविंदसिंगांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या दशम ग्रंथाचाही 'प्रकाश' होतो. अमृतसरच्या हरिमंदिरात तो होत नाही. गुरुपद एकाच ग्रंथाला असताना या दुसऱ्या ग्रंथाचा अधिकार किती मानावा, हा वाद शीख समाजात अद्याप मिटलेला नाही.