आखाजी ते आर्द्रा: आपल्या सकाळच्या फळांचा इतिहास



मे महिना आपल्याकडे कसा असतो ते मी तुम्हाला काय सांगू! जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, धुळ्याला वारा भट्टीसारखा लागतो. सकाळी नऊनंतर गॅसपुढे उभं राहवत नाही. अशा दिवसांत आमच्याकडे नाश्त्याला पोहे-उपमा बंद आणि चिरलेली फळं सुरू. मागच्या उन्हाळ्यात सुनेनं सहज विचारलं, "मम्मी, हे फळांचं तुमच्याकडे कधीपासून? हे तर आता डाएटवाले सांगतात." मी हसले, पण मनात प्रश्न राहिला. मग थोडं वाचलं, थोडं सासूबाईंचं आठवलं. ते आज लिहिते.

सुरुवात आखाजीपासून करते. खान्देशात आखाजी म्हणजे दिवाळीइतकाच मोठा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो. आपल्यासाठी हाच दिवस अक्षय तृतीया, वर्षीतपाच्या पारण्याचा. भगवान ऋषभदेव दीक्षेनंतर वर्षाहून अधिक काळ निराहार फिरले. देणाऱ्यांची कमी नव्हती. लोक हत्ती, घोडे, दागिने, अगदी मुलीसुद्धा पुढे करत. साधूला आहार द्यायचा असतो आणि तो कसा द्यायचा, हेच कुणाला माहीत नव्हतं. हस्तिनापूरला त्यांचे पणतू श्रेयांसकुमार यांना पूर्वजन्माची आठवण झाली आणि ती रीत उमगली. त्याच वेळी त्यांच्याकडे उसाच्या रसाचे घडे भेट म्हणून आले होते. तो रस त्यांनी प्रभूंना वहोरावला. वैशाखातलं ऊन, वर्षाचा उपवास आणि त्यावर पहिला घोट उसाच्या रसाचा!

यातली एक गोष्ट नीट पाहा. तो रस साधूसाठी मुद्दाम काढलेला नव्हता, तो घरात तयार होता. आपल्या गोचरीचा सगळा नियम त्यातच आला. साधूसाठी वेगळं काही करायचं नाही, घरच्यासाठी केलेल्यातलंच द्यायचं.

आता फळांकडे येऊ. भद्रबाहू स्वामींच्या नावाशी जोडलेलं बृहत्कल्पसूत्र आपल्या छेदसूत्रांपैकी एक. त्याची सुरुवातच फळाच्या नियमानं होते. कच्चं, न चिरलेलं ताडफळ साधू-साध्वींनी घेऊ नये, चिरलेलं असेल तर घेता येईल. आचारांगसूत्राच्या दुसऱ्या भागात आमराईत उतरलेल्या साधूनं कोणता आंबा घ्यावा नि कोणता नाही, हेही आलं आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही आपल्याकडे फळाचा विचार एवढ्या बारकाईनं होत होता. सगळा प्रश्न जीवाचा. बीमध्ये जीव, म्हणून बी काढलेलं, चिरलेलं फळ निर्दोष.

हे वाचलं आणि मला धुळ्याच्या घरातल्या सासूबाई आठवल्या. त्या पहाटे सामायिक करून उठल्या की खरबूज चिरायच्या, एकेक बी काढायच्या, आंब्याच्या फोडी करून कोय लगेच बाजूला काढायच्या, आणि परात झाकून ठेवून द्यायच्या. "आत्ता खायचं नाही, नवकारशी येऊ दे." मे महिन्यात सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो. त्यावर ४८ मिनिटं धरली की साडेसहा होतात. तोवर फळं चिरून होऊन घडी उलटून गेलेली. फळं आमच्यासाठीच चिरलेली असायची, पण गावात महासतीजी असल्या आणि आमच्या दारी आल्या, तर त्यांना चालेल असं काही तरी घरात असायचं. नवी नवरी असताना मला वाटायचं, ही केवढी कटकट! आता कळतं, की आमची नाश्त्याची ती परात श्रेयांसकुमारांच्या घड्यासारखीच होती, दारी कुणी आलंच तर घर तयार असावं म्हणून.

आपली ओसवाल घराणी मारवाडातून खान्देशात आली, ती व्यापाराच्या निमित्तानं. रेल्वे आली, कापसाचा व्यापार वाढला, गावोगावी आपली दुकानं झाली. १९०६ मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे. मारवाडात सांगरी, केर आणि बाजरी खाणाऱ्या बायकांना इथं तापीकाठची केळी मिळाली. रावेर, यावल, सावद्याची केळी रेल्वेनं दिल्लीपर्यंत जाऊ लागली. केळ्याला बी काढायची कटकट नाही, साल काढलं की झालं. त्यामुळे आपल्या घरांत ते लगेच रुळलं. कितीतरी घरांत तिथीला हिरवं बंद असलं तरी पिकलं केळं चालतं, ते याच कारणानं. काही घरांत तेही चालत नाही. ज्यानं त्यानं आपल्या घराची रीत पाळावी.

पुढं वाकोदचे भवरलालजी जैन यांनी १९७८ मध्ये केळ्याच्या पावडरीचा बंद पडलेला कारखाना घेतला आणि तिथं पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. मग ठिबक आलं, टिश्यू कल्चरची केळी आली. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच वर्षी भवरलालजी गेले. केळी हे भारी पाणी पिणारं पीक. यावल-रावेरच्या विहिरी किती खोल गेल्या ते तिकडच्या लेकी-सुनांना विचारा. म्हणून ठिबकाचं महत्त्व मला नुसत्या बचतीपुरतं वाटत नाही. पाण्याच्या एका थेंबात असंख्य जीव आहेत हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते शेतात पाळायची ही एक वाट आहे.

पण याच जळगावात आंब्याचा गर डब्यात भरून बारा महिने मिळायला लागला, आणि माझी परीक्षा झाली. आपल्याकडे आर्द्रा नक्षत्र लागलं, म्हणजे साधारण २१-२२ जून, की आंबा बंद. मृगात शेतकऱ्याची पेरणी आणि आर्द्राला आपला आंबा संपला, अशी पावसाळ्याची घडी बसलेली. दमट हवेत फळात जीव पडतात, हे त्यामागचं कारण. एका वर्षी मी फ्रीजरमध्ये रस साठवला आणि श्रावणात मुलांना वाढला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. फक्त स्वतःच्या वाटीत घेतला नाही. संध्याकाळी म्हणाल्या, "बेटा, फ्रीज रस टिकवेल गं. पण 'पुरे' म्हणायला कोण शिकवेल?"

मी कॉमर्सची, मला हिशेब कळतो. पण तो हिशेब मला त्या दिवशी कळला. आज त्या नाहीत. सुनेनं "फ्रीजमध्ये ठेवलं तर काय होतं?" असं विचारलं, तेव्हा मी तिला हीच गोष्ट सांगितली. तिनं काय करायचं ते तिनं ठरवावं. या वर्षी तिनं २० जूनला शेवटचे आंबे आणले आणि मुलांना म्हणाली, "आता पुढच्या आखाजीला."

तर आमची सकाळची परात अशी. पिकलेली केळी, बिया काढलेलं खरबूज, आर्द्रापर्यंत आंब्याच्या फोडी. वरून थोडी खडीसाखर, वेलदोड्याची पूड, भाजलेल्या जिऱ्याची चिमूट. मध नाही, बर्फ नाही. गार हवं असेल तर ओल्या फडक्याखाली माठाशेजारी ठेवायचं. चिरून झाकायचं, नवकारशी होऊ द्यायची, आणि खाण्याआधी एकदा दाराकडे पाहायचं. कुणी येतंय का?