रेकॉर्डची वही आणि शेऱ्याचा रकाना

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्या, असा आपल्या संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी म्हटलं, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा इतिहास सोडून काहीही लिहीन. टाकीवर आधीच तीन लेख आल्याचं कळलं! तेव्हा माझ्याकडे असलेल्या दुसऱ्या इतिहासावर लिहितो. तो म्हणजे माझं रेकॉर्डचं कपाट आणि त्यासोबतची वही.

बँकेत नोकरी केलेल्या माणसाला नोंद ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. १९७३ साली पहिला रेकॉर्ड प्लेअर घेतला, त्याच दिवशी एक लांबडी वही घातली. तारीख, रेकॉर्डचं नाव, किंमत आणि शेवटचा रकाना ‘शेरा’. शेरा एका ओळीत आणि खरा, हा माझा नियम. रेकॉर्ड कितीही नावाजलेली असो, मला काय वाटलं तेच लिहायचं. त्यातले काही शेरे इथे देतो. वाचून कोणी रागावले तर जिन्यात भेटावं, बोलू.

आधी थोडा इतिहास. आपल्याकडे गाणं तबकडीवर आलं १९०२ साली. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपल्यावर त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत. रात्रभर चालणाऱ्या गाण्याला तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळत. पुष्कळ गवयांना हा अपमान वाटला, आणि तो चुकीचा नव्हता. पण किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐका. तीन मिनिटांत काही राहून गेलंय असं वाटत नाही. माझा शेरा : ‘पूर्ण.’ आजही तोच.

मग आली एल.पी. अमेरिकेत १९४८ साली निघाली आणि काही वर्षांनी आपल्याकडे पोहोचली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. रागाला हातपाय पसरायला जागा झाली. १९५५ साली यहुदी मेन्यूहिन यांच्या पुढाकाराने अली अकबर खाँसाहेब न्यूयॉर्कला गेले आणि तिथे त्यांची सरोदची एल.पी. निघाली. सुरुवातीला मेन्यूहिन स्वतः श्रोत्यांना समजावून सांगतात. ही रेकॉर्ड मला मुंबईत जुन्या बाजारात मिळाली. शेरा : ‘प्रस्तावना सभ्य, सरोद अस्सल.’

याच मेन्यूहिन यांनी पुढे पंडित रविशंकर यांच्याबरोबर ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ केली. तिला ग्रॅमी मिळालं आणि जगभर कौतुक झालं. माझा शेरा मात्र असा : ‘पाहुणा पाटावर मांडी घालून बसला, पण पाय अवघडलेत.’ मेन्यूहिन फार मोठे वादक, आपल्या संगीताबद्दल त्यांचा आदरही खरा. पण लिहून दिलेलं वाजवणं आणि जागच्या जागी सुचलेलं वाजवणं यातला फरक वीस मिनिटांत लपत नाही. हे मत मी बदललेलं नाही.

१ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जॉर्ज हॅरिसन आणि रविशंकर यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम केला. त्याचा तीन रेकॉर्डचा संच निघाला. सहा बाजूंपैकी आपल्या लोकांना एक. सतार-सरोद लावून झाल्याबरोबर लोकांनी टाळ्या वाजवल्या, हा किस्सा आपण हसून सांगतो. मीही सांगत असे. आता वाटतं, त्यात हसण्यासारखं काय? एका परक्या गावच्या लोकांनी जुळलेल्या सुराला टाळी दिली. आपल्याकडे तर वाद्यं लागत असताना लोक वडा आणायला उठतात.

आता घरच्या आवडत्या रेकॉर्डकडे येतो. ‘कॉल ऑफ द व्हॅली’, १९६७. शिवकुमार शर्मांचं संतूर, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, हरिप्रसाद चौरसियांची बासरी. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिर भैरवपासून पहाडीपर्यंत. फार खपलेली, फार गाजलेली रेकॉर्ड. माझा १९७४ चा शेरा : ‘मुलायम. झोप येते.’ यावर आमच्या घरी कडाक्याचं भांडण झालं होतं, कारण सौ.ना ती प्राणप्रिय. आज एवढंच म्हणतो की राग शिकायला ती उपयोगाची नाही, पण रागाच्या दारापर्यंत तिने जितक्यांना आणलं तितक्यांना आम्ही शहाण्या श्रोत्यांनी आणलेलं नाही. सौ.चं मत कायम आहे.

‘गीतरामायण’ हा नाजूक विषय. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी सुरू झालं. दर आठवड्याला एक गाणं. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून बावन्नऐवजी छप्पन्न गाणी झाली. गदिमांचे शब्द आणि बाबूजींच्या चाली याबद्दल मी पामर काय बोलणार! पण आकाशवाणीवर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, राम फाटक असे वेगवेगळे आवाज होते. पात्रागणिक आवाज बदलत होता. पुढे रेकॉर्डचा संच निघाला तो सबंध बाबूजींच्या आवाजात. माझा शेरा : ‘गायन निर्दोष, पण कैकेयी, राम, हनुमान एकाच घरातले वाटतात.’ हा शेरा मी पंचवीस वर्षांत सोसायटीत कोणाला दाखवलेला नाही. आज दाखवला.

किशोरीताईंचा भूप. गोव्याच्या मोगूबाई कुर्डीकरांची ही कन्या, जयपूर घराण्याची तालीम. भूपात फक्त पाच स्वर. एल.पी.च्या एका बाजूत बसलेला तो राग कितीदा ऐकला याचा हिशेब वहीतही नाही. शेऱ्याचा रकाना कोराच आहे. जे लिहीन ते कमी पडेल म्हणून नाही, दरवेळी लिहायला बसलो की पुन्हा ऐकावंसं वाटलं म्हणून.

आता ज्या शेऱ्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे वळतो.

माझ्या वडिलांकडे चावीचा ग्रामोफोन आणि बालगंधर्वांच्या डझनभर जुन्या तबकड्या होत्या. १९११ चं ‘मानापमान’, १९१६ चं ‘स्वयंवर’, ही त्यांची दैवतं. नवा प्लेअर आला तेव्हा त्यांनी मोठ्या हौशीने त्यातली एक तबकडी फडक्याने पुसून माझ्या हातात दिली. म्हणाले, “या यंत्रावर नारायणराव कसे वाटतात बघू.” घरी माझे दोन मित्र बसले होते. मी तबकडी घेतली नाही. म्हटलं, “नाना, हे नाकातलं रडगाणं आता कोण ऐकतं?” मित्र हसले. नानांनी तबकडी परत पाकिटात घातली. रागावले नाहीत, काही बोलले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी मी घरात असताना ग्रामोफोनला कधी चावी दिली नाही. वहीत मी मोठ्या ऐटीत नोंद केली : ‘बालगंधर्व. जुनाट.’ न ऐकता मारलेला तो एकच शेरा.

नाना १९८१ साली गेले. त्यानंतर चार-पाच वर्षांनी एका सहकाऱ्याने मला कुमार गंधर्वांचं ‘मला उमजलेले बालगंधर्व’ ऐकवलं. कुमारांनी नक्कल केलेली नाही. आवाज स्वतःचा ठेवून, नारायणराव सुरावर कुठे थांबतात, शब्द कसा ठेवतात, एवढंच उलगडून दाखवलंय. घरी येऊन मी माळ्यावरची पेटी काढली. जुन्या तबकड्यांना जाड सुई लागते, ती शोधण्यात दोन रविवार गेले. बारापैकी चार तबकड्या तडकलेल्या होत्या. उरलेल्या आठ ऐकल्या. खरखर पुष्कळ. रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत घेत रंगणारं पद तीन मिनिटांत कोंबलेलं. पण त्या खरखरीमागे सूर असा सरळ आणि सहज लागलेला, की मी ज्याला रड म्हणत होतो ते आर्जव होतं. हे नानांना सांगायचं होतं. सांगता आलं नाही.

बँकेत चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नसतो. त्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा लिहून सही करायची. मी तसंच केलं. ‘जुनाट’वर रेघ आहे, खाली तो शब्द दिसतो. वर लिहिलंय : ‘ऐकलं. चूक माझी.’ आणि सही.

आता वयामुळे कपाट सांभाळणं जमत नाही. मुलगा परदेशी, त्याच्याकडे सगळी गाणी खिशातल्या फोनमध्ये आहेत. कमिटीच्या परवानगीने माझ्या रेकॉर्ड आणि प्लेअर आपल्या सभागृहातल्या कपाटात ठेवतोय. नानांच्या आठ तबकड्याही त्यात आहेत. सोबत वहीही ठेवली आहे, तिची निम्मी पानं कोरी आहेत. कोणीही ऐकावं आणि शेरा लिहावा. माझ्या मताविरुद्ध लिहिलं तर जास्त आनंद. अट एकच : एक बाजू पूर्ण ऐकल्याशिवाय पेन उचलायचं नाही.

सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कोणीतरी त्या वहीतले नवे शेरे छापावेत, ही इच्छा.

चू. भू. द्या. घ्या.