आंदणातले दुसरे बंदर

मुंबई आंदणात गेली, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. १६६१ च्या तहानुसार पोर्तुगालने राजकन्या कॅथरिनच्या विवाहात हे बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिले आणि १६६८ मध्ये राजाने ते वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. पण त्याच तहात आणखी एक बंदर आंदण दिले होते, हे फारसे कोणी सांगत नाही. ते म्हणजे आफ्रिकेच्या वायव्य टोकाला, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी वसलेले टँजियर. त्या वेळी लंडनला या दोहोंत मोलाचे वाटत होते ते टँजियरच. मुंबई नेमकी कुठे आहे, याचाच तिथे घोळ होता.

मी काही पेशाने इतिहासकार नाही. नोकरी सांभाळून मुंबईविषयीची जुनी पुस्तके जमवण्याचा नाद लागला आणि त्या पुस्तकांतून ही मुंबईची जुळी बहीण अधूनमधून डोकावत राहिली. मग एकदा मार्क ट्वेन वाचताना ती पुन्हा भेटली, आणि या वेळी मी थांबलो.

८ जून १८६७ रोजी न्यूयॉर्कहून 'क्वेकर सिटी' नावाची आगबोट निघाली. यादवी युद्धात आरमाराने वापरलेले हे दोन बाजूंना चाके असलेले जहाज आता हौशी प्रवाशांना युरोप आणि 'पवित्र भूमी' दाखवायला चालले होते. तिकीट १,२५० डॉलर. आज ज्याला आपण क्रूझ म्हणतो, त्या प्रकारची अमेरिकेतून निघालेली ही पहिली मोठी सहल मानतात. एकतीस वर्षांच्या ट्वेनचे पैसे सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वृत्तपत्राने भरले होते. बदल्यात त्याने पत्रे पाठवायची. त्या पत्रांतूनच पुढे १८६९ मध्ये 'द इनोसंट्स अब्रॉड' हे पुस्तक उभे राहिले.

जहाज जिब्राल्टरला लागले तेव्हा काही मंडळी छोट्या आगबोटीने समुद्रधुनी ओलांडून टँजियरला गेली. मुक्काम उणापुरा दिवसा-दोन दिवसांचा. ट्वेन हरखून गेला. सर्वस्वी परके, कुठल्याच ओळखीच्या गोष्टीची आठवण न देणारे गाव आपल्याला हवे होते आणि ते इथे सापडले, असे त्याने लिहिले. पांढरी घरे, चिंचोळ्या गल्ल्या, मूर, ज्यू, वाळवंटातून आलेले लोक. गाव इतके प्राचीन की काळ तिथे थांबूनच राहिला असावा, असा त्याचा एकूण सूर. तिथल्या नाण्यांची त्याने यथेच्छ टिंगल केली. एक सोन्याचे नेपोलियन मोडावे, तर हाती तांब्याच्या ओबडधोबड नाण्यांचा ढीग येतो आणि चांदीचे नाणे मात्र दिसणेही दुर्मीळ. विनोद फक्कड आहे. वाचताना मीही हसलो.

पण हसून झाल्यावर प्रश्न पडला: चांदी गेली कुठे?

उत्तर फार दूर नव्हते. ट्वेन येण्याच्या सातच वर्षे आधी, १८५९-६० च्या युद्धात, स्पेनने मोरोक्कोला हरवून तेतुआन शहर ताब्यात घेतले होते. ते सोडण्याच्या मोबदल्यात दोन कोटी दुरोंची खंडणी लादली. सुलतानाच्या खजिन्यात एवढी रोकड नव्हती. इंग्लंडमधून कर्ज उभारावे लागले, आणि मोरोक्कोच्या बंदरांतल्या जकातीचा निम्मा हिस्सा स्पेनकडे वळवला गेला. तो वसूल करायला स्पेनचे अधिकारी जकातनाक्यांवर बसले. चांदी अशी देशाबाहेर वाहू लागली आणि गरिबाच्या हातातले तांबे स्वस्त होत गेले. ट्वेनला युद्ध आणि खंडणी दोन्ही माहीत होती. त्याच पुस्तकात त्याने त्यांचा उल्लेखही केला आहे. फक्त खंडणी आणि तांब्याचा ढीग यांची सांगड त्याने घातली नाही. एका दिवसाच्या पाहुण्याला वस्तू दिसते, तिचे कारण सहसा दिसत नाही.

धक्क्याचेही तसेच. ट्वेननंतर आठ वर्षांनी, १८७५ मध्ये, इटालियन लेखक एदमोंदो दे आमिचिस टँजियरला उतरला तो हमालाच्या पाठीवर बसून, कारण होडी काठापर्यंत पोचत नव्हती. अशा महत्त्वाच्या बंदराला धड धक्का नाही, हे कोणालाही मागासलेपणाचे लक्षण वाटावे. पण तिथे धक्का होता. आंदण मिळाल्यावर इंग्रजांनीच १६६३ पासून समुद्रात दगडी बांध घालायला घेतला होता. तो चौदाशे फुटांवर गेला, त्यात अफाट पैसा ओतला गेला. मात्र तटाबाहेरचा मुलूख कधीच हाती आला नाही, सुलतान मौलाय इस्माईलच्या फौजांचा वेढा आवळत गेला आणि लंडनच्या पार्लमेंटने पैसा देण्याचे नाकारले. शेवटी १६८३ मध्ये लॉर्ड डार्टमथ आरमार घेऊन आला. सोबत प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पीप्सही होता. तट आणि धक्का सुरुंग लावून उडवण्यात आले आणि १६८४ च्या आरंभी इंग्रज निघून गेले. शत्रूला बंदर उपयोगी पडू नये, हा हेतू. म्हणजे दे आमिचिसच्या हमालाच्या पाठीवर दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या सुरुंगांचाही थोडा भार होता.

'सर्वस्वी परके' या शब्दांचीही झडती घ्यायला हवी. ट्वेनचा देश स्वतंत्र होऊन दीड वर्षही झाले नव्हते, तेव्हा डिसेंबर १७७७ मध्ये मोरोक्कोच्या सुलतानाने आपली बंदरे अमेरिकी जहाजांना खुली केली होती. अमेरिकेला सर्वांत आधी मान्यता देणाऱ्या देशांत हा 'परका' देश होता. अमेरिकी वकिलातीसाठी टँजियरमधली वास्तू १८२१ मध्ये सुलतानानेच भेट दिली. ट्वेन तिथल्या अमेरिकी वकिलाला भेटला आणि अशा एकाकी जागी अडकल्याबद्दल त्याची कीव करून परतला.

आणि टँजियर काही फक्त पाहिले जाणारे गाव नव्हते. १३२५ मध्ये याच गावातला एकवीस वर्षांचा तरुण जग पाहायला बाहेर पडला. तो इब्न बतूता. दिल्लीहून दक्षिणेकडे येताना तो दौलताबाद आणि नंदुरबारला थांबला आणि त्याने मराठ्यांबद्दल लिहून ठेवले. आपण टँजियरकडे पाहिले नसेल, टँजियरने आपल्याला साडेसहाशे वर्षांपूर्वीच पाहिले आहे. त्याच्या प्रवासवर्णनाची फ्रेंच आवृत्ती ट्वेनच्या आधी, १८५० च्या दशकातच, पॅरिसमध्ये छापली गेली होती.

हे सगळे ट्वेनला कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. कारण आंदणातल्या पहिल्या बंदरातही तो पुढे येऊन गेला. जानेवारी १८९६ मध्ये, कर्ज फेडण्यासाठी काढलेल्या व्याख्यानांच्या दौऱ्यात, साठीचा ट्वेन मुंबईत उतरला. इथेही रंग, गर्दी, कावळे यांनी तो हरखला. पण हॉटेलातल्या खोलीत एका युरोपीय माणसाने किरकोळ कारणावरून भारतीय नोकराच्या मुस्काटात मारली. नोकराने ती मुकाट सोसली. आणि ट्वेन क्षणात पन्नास वर्षे मागे, मिसूरीतल्या बालपणात गेला. गुलामांना असे मारणे तेव्हा नित्याचे होते. क्षुल्लक चुकीसाठी एका गुलामाचा जीव घेतला गेलेला त्याने लहानपणी पाहिला होता. हे सारे त्याने १८९७ च्या 'फॉलोइंग द इक्वेटर'मध्ये नोंदवले आहे.

मुंबईतही तो पाहुणाच होता, मुक्काम इथेही थोडाच होता. तरी इथे त्याने नुसती नवलाई पाहिली नाही. समोरच्या थपडेचे कारण त्याने स्वतःच्या घरात शोधले. टँजियर ते मुंबई या दोन मुक्कामांत एकोणतीस वर्षे गेली होती.

आता क्रूझच्या जाहिराती मराठी वर्तमानपत्रांतही येतात, आणि आपली माणसेही एका दिवसासाठी परक्या बंदरांत उतरतात. मी टँजियर अजून पाहिलेले नाही. कधी योग आलाच, तर मूठभर सुटे पैसे हातात पडल्यावर हसण्याआधी जकातनाका कुठे होता, एवढे विचारीन.