मिरीचा उंदीर कोणत्या कुळातला?

गव्हाणी घुबडाने ओकून टाकलेले गोळे कोमट पाण्यात भिजवून सोडवले, की त्यांतून उंदरांच्या लहान लहान कवट्या निघतात. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत अशा काही कवट्या काडेपेट्यांमध्ये कापसावर ठेवलेल्या आहेत. सातवी-आठवीच्या मुलांच्या हाती आम्ही त्या देतो आणि एकच काम सांगतो : दात मोजा. पुढे पटाशीसारखे दोन वर, दोन खाली. मग बरीच मोकळी जागा. आणि मागे प्रत्येक बाजूला वर तीन, खाली तीन दाढा. एकूण १६. भिंग नसले तरी टाचणीच्या टोकाने ही मोजणी करता येते. ती पुढे कामाला येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवली.

आता आपण दीडशेहून अधिक वर्षे मागे, त्रावणकोर संस्थानाच्या डोंगरांत जाऊ. तिथे बेकर नावाचे एक मिशनरी राहत होते. डोंगरातल्या लोकांनी त्यांना एक विचित्र उंदीर आणून दिला. अंग वीतभरापेक्षा कमी, रंग तांबूस तपकिरी, पाठीवरच्या मऊ केसांत चपटे, टोकदार काटे मिसळलेले आणि शेपटी टोकाकडे बाटली धुण्याच्या ब्रशसारखी झुपकेदार. हे नमुने कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात पोचले. तिथले अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५९ मध्ये या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध करून त्याला नाव दिले ‘प्लॅटॅकॅन्थोमिस लॅसियुरस’. उच्चारताना जीभ अडखळते, पण अर्थ सरळ आहे : चपट्या काट्यांचा, केसाळ शेपटीचा उंदीर. मल्याळममध्ये त्याला ‘मुळ्ळनेली’ म्हणतात, म्हणजेही काटेरी उंदीर. ब्लाइथसाहेबांना ग्रीक भाषेत जे सांगावे लागले, ते डोंगरातल्या माणसांनी आधीच सांगून ठेवले होते.

बेकर यांची टिपणे टी. सी. जर्डन यांनी १८६७ च्या आपल्या सस्तन प्राण्यांवरील ग्रंथात घेतली आहेत, आणि ती मोठी वाचनीय आहेत. हे प्राणी झाडांच्या ढोलींत आणि खडकांच्या फटींत राहतात, घरांत क्वचितच शिरतात. पिकलेल्या मिरीचा ते फडशा पाडतात, म्हणून लोक त्यांना ‘मिरीचा उंदीर’ म्हणत. फणस आणि रानफणसही त्यांच्या तडाख्यातून सुटत नसत. भेरली माडाला ताडीसाठी मडकी बांधली, की वरचे झाकण कुरतडून ही मंडळी आत उतरत. असे मडक्यात अर्धवट बुडालेले दोन उंदीर बेकर यांच्याकडे आले होते. एकदा तर एका सकाळीच त्यांना १६ नमुने मिळाले.

या टिपणांवरून प्राण्याचा अधिवास जवळजवळ पुरा कळतो. ढोली हव्यात, म्हणजे जुनी झाडे हवीत. फळे, वेली आणि माड हवेत. घर नको, शेत नको. प्रश्न उरला तो वर्गीकरणाचा, आणि तो सुटायला दीडशे वर्षे लागली.

घोटाळ्याचे मूळ शेपटीत होते. युरोपात, आफ्रिकेत आणि मध्य आशियात ‘डॉरमाऊस’ नावाचे छोटे वृक्षवासी कृंतक प्राणी आहेत. त्यांची शेपटी झुपकेदार असते आणि दाढांच्या माथ्यावर एकमेकींना समांतर अशा बारीक कडा असतात. आपल्या काटेरी उंदरालाही झुपकेदार शेपटी आणि दाढांवर तिरक्या समांतर कडा. दोन खुणा जुळल्या. इंग्रजीत त्याचे नाव ‘मलबारचा काटेरी डॉरमाऊस’ असे पडले आणि तेच रूढ झाले. दक्षिण भारतात खरा डॉरमाऊस एकही नाही, याने कोणाचे अडले नाही.

पण दात मोजले तर? डॉरमाऊसच्या जबड्यात तीन दाढांच्या पुढे प्रत्येक बाजूला एक उपदाढही असते. त्यामुळे बहुतेक डॉरमाऊसचे दात २० भरतात. काटेरी उंदराला उपदाढा नाहीत. त्याचे दात १६, म्हणजे आमच्या काडेपेटीतल्या घरच्या उंदराइतकेच. एडवर्ड ऑल्स्टन यांनी १८७६ मध्ये त्याच्यासाठी वेगळे उपकुल केले आणि ते उंदरांच्या कुलात ठेवले. ओल्डफील्ड टॉमस यांनी १८९६ मध्ये ते उचलून डॉरमाऊसकडे नेले. एलरमन (१९४०) आणि सिम्प्सन (१९४५) यांच्या मोठ्या वर्गीकरणांतही तो डॉरमाऊसच्याच शेजारी राहिला. एवढे नावाजलेले लोक चुकले, असे मुलांना सांगताना आम्ही जरा थांबतो. कारण त्यांची बाजू अगदीच कच्ची नव्हती. उत्क्रांतीच्या ओघात उपदाढा नाहीशा होऊ शकतात. डॉरमाऊसच्या एखाद्या शाखेने त्या गमावल्या असतील, असे म्हणणे अशक्य कोटीतले नाही. एक खूण एका घराकडे बोट दाखवते, दुसरी दुसऱ्या घराकडे. कोणत्या खुणेला किती वजन द्यायचे, इथेच वर्गीकरणाची खरी परीक्षा असते. पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यात ही ओढाताण दिसत नाही, म्हणून तो तक्ता मुलांना पाढ्यांसारखा वाटतो.

झुपकेदार शेपटी फांद्यांवर तोल सांभाळायला उपयोगी पडते. झाडांवर राहणारी खार पाहा, तिलाही ती आहे. म्हणजे सारख्या राहणीतून सारखे रूप येऊ शकते, त्यासाठी नातेसंबंध लागत नाही. हे लक्षात घेतले, की शेपटीची साक्ष फिकी पडते. अधिवास हा प्राण्याचा नुसता पत्ता नाही. तो शरीराला आकार देतो आणि त्या आकाराने अभ्यासकाची दिशाभूलही करतो.

उलगडा झाला तो दुसऱ्याच देशातून. आल्फोन्स मिल्न-एडवर्ड्‌स यांनी १८७७ मध्ये चीनमधील एका लहानशा वृक्षवासी उंदराला ‘टिफ्लोमिस’, म्हणजे आंधळा उंदीर, असे नाव दिले होते. त्याचे डोळे अगदी बारीक असतात. पाठीवर काटे नाहीत, पण दाढा मात्र आपल्या काटेरी उंदराच्या वळणाच्या. हे दोघे एका कुलातले, हे पूर्वीच मान्य झाले होते. जान्सा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये टिफ्लोमिसच्या डीएनएची तुलना इतर कृंतकांशी केली. उंदीर, घुशी, हॅमस्टर या साऱ्यांचा जो प्रचंड गोतावळा आहे, त्याच्या बुंध्यापासून सर्वांत आधी फुटलेली फांदी या कुलाची निघाली. डॉरमाऊसशी संबंध नाही. ऑल्स्टन यांचा कौल बऱ्याच अंशी बरोबर होता; मात्र हा उंदरांचा चुलतभाऊ नसून फार जुन्या पिढीतला, वेगळी चूल मांडलेला भाऊबंद आहे. या टिफ्लोमिसची आणखी एक गंमत : वटवाघळाप्रमाणे तो आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंधारात वाट काढतो, असे २०२१ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात प्रयोगांनिशी प्रसिद्ध झाले.

चीनच्या युन्नान प्रांतात लुफेंग येथे काही दशलक्ष वर्षांपूर्वीच्या थरांत टिफ्लोमिसचे आणि प्लॅटॅकॅन्थोमिसचेही अश्मीभूत दात सापडले आहेत. त्यांचे वर्णन १९८९ मध्ये झाले. म्हणजे एके काळी हे दोघे शेजारी होते. आज आपल्या काटेरी उंदराच्या प्रजातीत जिवंत अशी ही एकच जाती उरली आहे, आणि तिचे घर म्हणजे कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडूतील सह्याद्रीची सदाहरित जंगले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत तिची नोंद ‘असुरक्षित’ अशी आहे. दिव्या मुडप्पा आणि सहकाऱ्यांनी कळक्काड-मुंडन्थुराई येथील वर्षावनात तिची संख्या आणि अधिवासाची निवड यांचा अभ्यास केला. तो २००१ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. ब्लाइथ यांच्या वर्णनानंतर १४२ वर्षांनी.

दरम्यान त्याच डोंगरांवर चहा, कॉफी, वेलदोडा आणि रबर यांचे मळे पसरले. रबराच्या मळ्यात झाडे रांगेने असतात, चीक आटला की तोडली जातात. ढोली पडण्याइतके वय त्यांना मिळत नाही. काळी मिरीची वेल मात्र मूळची याच सदाहरित जंगलांतली. तिथे ती लागवडीच्या कितीतरी आधीपासून रानात झाडांवर चढत आली आहे. मिरीचा चोर म्हणून ज्याची नोंद झाली, तो या वेलीचा जुना शेजारी.

गेल्या वर्षी आमच्या वर्गातल्या मुलींनी सह्याद्रीच्या प्राण्यांचा तक्ता केला. त्यात एकीने इंग्रजी पुस्तकातून उतरवून ‘डॉरमाऊस’ असे लिहिले होते. आम्ही ते खोडले नाही. शेजारी दुसऱ्या मुलीने पेन्सिलीने फक्त एवढेच लिहिले : ‘दात १६’.