संकल्प आणि सिद्धि : साधनकारांच्या कार्याचा एक विचार

१. कोणताहि ग्रंथ हातीं घेतांना ग्रंथकार मनाशीं कांहीं संकल्प करितो. संस्कृत शास्त्रग्रंथांत हा संकल्प आरंभींच उघड सांगण्याची रीति आहे. विषय कोणता, प्रयोजन काय, त्यांचा ग्रंथाशीं संबंध कसा आणि वाचण्यास अधिकारी कोण, या चार गोष्टींस अनुबंधचतुष्टय म्हणतात. मम्मटानें काव्यप्रकाशाच्या आरंभीं काव्याचीं प्रयोजनें मोजतांना यश आणि द्रव्य यांचाहि निःसंकोच उल्लेख केला आहे. म्हणजे ग्रंथकारानें यशाची इच्छा धरणें आमच्या पूर्वजांस निंद्य वाटत नव्हतें. मात्र या चार अनुबंधांत एक प्रश्न येत नाहीं. हातीं घेतलेलें काम एका माणसाच्या आयुष्यांत तडीस जाण्याजोगें आहे काय, आणि नसल्यास त्यानें काय करावें? जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या आम्हां लोकांस हा प्रश्न रोजचा आहे. मागील पिढ्यांतील साधनकारांनीं त्याचें उत्तर आपल्या कृतीनें कसें दिलें, हें पाहण्याचा या लेखाचा हेतु आहे.

२. आम्ही लोणंदास राहतों. पुणें-मिरज लोहमार्गावरील हा बाजारगांव कांद्याच्या पेठेसाठीं आणि ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या मुक्कामासाठीं लोकांस ठाऊक आहे. परंतु येथें बसून चहूंकडे पाहिलें असतां मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें जेथें प्रथम उजेडांत आलीं, त्यांपैकीं कित्येक स्थळें जवळच आहेत असें दिसतें. पश्चिमेस वाई, तिच्या शेजारीं नाना फडणिसांचें मेणवली, दक्षिणेकडे सातारा, आणि याच लोहमार्गानें खालीं गेल्यास मिरज. वाईस विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा आरंभ झाला. साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं आपला संग्रह उभारला. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनांचीं दप्तरें उलगडलीं. तिघांचा काल एकच, साधनेंहि एकाच जातीचीं. परंतु तिघांचे संकल्प निराळे होते, आणि संकल्प बदलण्याची रीतिहि निराळी होती.

३. यांच्या आधींचें उदाहरण 'काव्येतिहाससंग्रह' या मासिकाचें. काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांनीं १८७८ सालीं तें सुरू केलें. जुनीं काव्यें व बखरी जशा मिळतील तशा टीपांसह छापून काढाव्या, एवढाच त्यांचा संकल्प. सुमारें दहा वर्षांनीं मासिक थांबलें. पण जें छापलें गेलें तें नष्ट होण्याचें भय टळलें. संपूर्ण इतिहास लिहूं असें त्यांनीं म्हटलें नाहीं, म्हणून मासिक बंद पडलें तरी त्यांचा संकल्प अपुरा राहिला असें कोणासहि म्हणतां येत नाहीं.

४. वासुदेवशास्त्री खरे यांचा जन्म १८५८ सालीं गुहागरास झाला. संस्कृताचें अध्ययन त्यांनीं साताऱ्यास केलें आणि आयुष्याचा मोठा भाग मिरजेच्या हायस्कुलांत तीच भाषा शिकविण्यांत घालविला. त्यांचा पहिला ओढा काव्याकडे व नाटकाकडे होता. 'यशवंतराव' हें महाकाव्य त्यांनीं रचिलें. 'गुणोत्कर्षा'सारखीं नाटकें लिहिलीं. १८९२ सालीं त्यांचें नाना फडणिसांचें चरित्र निघालें. येथपर्यंत पाहिल्यास हा एक कवि व चरित्रकार आहे असेंच कोणीहि म्हणेल. पुढें पटवर्धन घराण्याचीं दप्तरें पाहावयास मिळालीं आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' निघूं लागला. कवीचें ध्येय त्यांनीं टाकून दिलें नाहीं, नाटकें पुढेंहि लिहिलीं. परंतु आयुष्याचें मुख्य काम कोणतें हें आतां ठरलें होतें.

५. या कामाची मर्यादा त्यांनीं फार विचारपूर्वक आंखली. सर्व मराठेशाही त्यांनीं घेतली नाहीं. क्षेत्र मुख्यतः एका घराण्याच्या पत्रांचें आणि काल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. मराठी पत्रांत महिना व चंद्र असतो, परंतु साल पुष्कळदां नसतें. तें मजकुरावरून ठरवावें लागतें. शास्त्रीबोवांनीं पत्रें कालानुक्रमानें लाविलीं, आणि त्या त्या काळच्या घडामोडींची सुसंगत हकीकत लिहून तीं वाचकांपुढें ठेविलीं. यामुळें त्यांचा प्रत्येक खंड साधनग्रंथहि आहे आणि इतिहासहि आहे. १९२४ सालीं मिरजेस त्यांचा अंत झाला, तोंवर या मालेचे बारा खंड झाले होते. शाळेची नोकरी संभाळून सुमारें सत्तावीस वर्षें हें काम चाललें. नेमस्त पाऊल आणि नेमलेली वाट, हें या यशाचें रहस्य होय. पटवर्धनांच्या मोहिमा, हैदर व टिपू यांच्याशीं झालेलीं युद्धें आणि पेशवाईच्या उत्तरकालाचें राजकारण यांविषयीं लिहिणारास आजहि लेखसंग्रह उघडल्यावांचून चालत नाहीं.

६. राजवाडे यांची प्रकृति अगदीं निराळी. १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड निघाला. त्यांत १७५० ते १७६१ या काळांतील पत्रें आहेत. मालेचे एकंदर बावीस खंड झाले. खंडांचा क्रम इतिहासाच्या क्रमानें गेला नाहीं. कागद जसे सांपडले तसा गेला. पेशवाईपासून आरंभ होऊन पुढें शिवकालाचे कागद आले. अस्सल कागद हाताशीं आल्यावांचून इतिहास लिहूं नये, हा त्यांचा बाणा. आणि कागद तर गांवोगांव पसरलेले. त्यामुळें प्रत्येक प्रवासाबरोबर संकल्पाचा परीघ वाढतच गेला. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, तें या वाढत्या परीघाचेंच एक फळ होय. एका माणसाचें काम अनेकांनीं वांटून घ्यावें, ही दृष्टि त्यांत आहे. परंतु राजवाडे स्वतः येथें थांबले नाहींत. मराठी भाषेचें व्याकरण, ज्ञानेश्वरीची जुनी प्रत, स्थलनामें, विवाहसंस्थेचा उगम, धातुकोश, असे विषय एकामागून एक त्यांनीं हातीं घेतले. १९२६ च्या अखेरीस धुळ्यास ते वारले. धातुकोश त्यांच्यामागें १९३७ सालीं छापून निघाला. मराठ्यांचा सलग इतिहास त्यांच्या हातून झाला नाहीं.

७. यास अपयश म्हणावें काय? आमचें उत्तर नकारार्थीं आहे, परंतु त्यास एक अट आहे. राजवाडे यांचा संकल्प वाढत गेला तरी जें हातीं आलें तें ते छापून मोकळे होत. विस्तृत प्रस्तावना जोडून प्रत्येक खंड ते लोकांच्या स्वाधीन करीत. संपूर्णतेची वाट पाहत त्यांनीं कागद पेटींत ठेविले असते, तर त्यांच्या नांवावर एक मोठी आकांक्षा तेवढी उरली असती. मोठा संकल्प करण्याचा अधिकार ज्यानें अपूर्ण कामहि वेळोवेळीं बाहेर काढलें त्यासच आहे, असा आम्हीं यावरून बोध घेतों.

८. पारसनीस यांनीं झांशीच्या लक्ष्मीबाईंच्या चरित्रानें १८९४ सालीं नांव मिळविलें. पुढें 'भारतवर्ष' व 'इतिहाससंग्रह' हीं मासिकें चालविलीं. मेणवलीचें नानांचें दप्तर त्यांच्या हातीं आलें. परंतु वय वाढत गेलें तसें ग्रंथलेखनापेक्षां संग्रहाच्या रक्षणाकडे त्यांचें लक्ष अधिक लागलें. एका माणसाच्या वाड्यांतील संग्रह त्याच्यामागें टिकत नाहीं, त्यास घर पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें. १९२५ सालीं साताऱ्यास संग्रहालय उघडलें, आणि पुढच्याच वर्षीं ते निवर्तले. १९३९ सालीं तो संग्रह पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला. साताऱ्यांतून तो गेल्याचें या जिल्ह्यांतील लोकांस वाईट वाटणें स्वाभाविक आहे. तथापि कागद वांचले, ही गोष्ट मोठी. लेखकाचें ध्येय उतारवयांत रक्षकाचें ध्येय होऊं शकतें, याचें हें उदाहरण होय.

९. चौथें उदाहरण रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचें. हे बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेंत होते; राजपुत्रांस शिकविण्याचें काम त्यांजकडे होतें. त्या वाचनाच्या टिपणांतून १८९८ सालीं 'मुसलमानी रियासत' आणि १९०२ सालीं 'मराठी रियासती'चा पहिला भाग निघाला. साधनें तर तेव्हां नुकतींच प्रसिद्ध होऊं लागलीं होतीं. राजवाडे यांच्या मताप्रमाणें हा उद्योग अकालींच म्हणावयाचा. परंतु सरदेसाई यांनीं दुसरा मार्ग धरिला : आज उपलब्ध आहे त्यावरून लिहावें, उद्यां नवें मिळालें कीं सुधारावें. पुढें लेखसंग्रह व साधनांचे खंड जसजसे निघत गेले, तसतसें त्यांनीं आपलें लेखन नव्यानें घडविलें. १९२५ सालीं सेवानिवृत्त होऊन ते कामशेतीस राहिले. बहुतेकांचें काम जेथें संपतें तेथें यांचें सुरू झालें. १९३० ते १९३४ या अवधींत पेशवे दप्तराचे पंचेचाळीस भाग त्यांच्या संपादकत्वाखालीं निघाले. आणि १९४६ ते १९४८ या वर्षांत, वयाच्या ऐंशी वर्षांनंतर, मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत त्यांनीं इंग्रजींत नव्यानें लिहिला.

१०. या चौघांची तुलना केली असतां असें दिसतें, कीं यशाचें माप चौघांचें चार प्रकारचें होतें. खरे यांनीं क्षेत्र लहान करून खोली साधली. राजवाडे यांनीं क्षेत्र वाढवून दिशा दाखविल्या. पारसनीस यांनीं रक्षण केलें. सरदेसाई यांनीं प्रथम अपुरें लिहून मग तें पुरें करीत नेलें. यांत उच्चनीच भाव लावणें आम्हांस युक्त वाटत नाहीं. मात्र एक गोष्ट चौघांत समान आहे : दूरचें ध्येय डोळ्यांपुढें ठेवून जवळचा मुक्काम त्यांनीं नेमला होता. आमच्या गांवावरून जाणाऱ्या वारकऱ्यास पंढरपूर गांठावयाचें असतें, परंतु नीरास्नान झाल्यावर त्या दिवशीं त्याचें लक्ष लोणंदाच्या तळावर असतें. लोणंद म्हणजे पंढरपूर नव्हे हें तो जाणतो. आणि लोणंद टाळून पंढरपूर येत नाहीं हेंहि जाणतो.

११. याच न्यायाचें पुढच्या काळांतील उदाहरण वाईसच घडलें. महाराष्ट्र राज्य साहित्य व संस्कृति मंडळ १९६० सालीं स्थापन झालें आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांजकडे विश्वकोशाचें काम आलें. पहिला खंड निघावयास १९७६ साल उजाडलें. तर्कतीर्थ १९९४ सालीं निवर्तले. खंड त्यांच्यानंतरहि निघत राहिले. प्रमुख संपादक गेला तरी काम थांबलें नाहीं, कारण परिभाषा, नोंदींची यादी व लेखनाची पद्धति हीं आधींच ठरलेलीं होतीं. जो संकल्प एका आयुष्यापेक्षां मोठा आहे, त्यास वारसांची सोय पहिल्या दिवसापासून करावी लागते.

१२. आतां हा विचार आमच्यासारख्या संग्राहकांस कसा लागू पडतो तें सांगून लेख पुरा करितों. सेवानिवृत्तीनंतर हा छंद लागलेले गृहस्थ बहुधा आपल्या तालुक्याचा वा घराण्याचा संपूर्ण इतिहास लिहिण्याचा संकल्प सोडतात. मोडीचे रुमाल गोळा होतात, नकला होतात, आणि आणखी एक दप्तर पाहून मग लिहूं असें म्हणतां म्हणतां वर्षें जातात. मागें उरलेल्या पेटींत काय आहे हें घरांतील कोणासहि सांगतां येत नाहीं. मोडी वाचणारा तर घरोघर दुर्मिळ झाला आहे. मग वाळवी, कसर आणि रद्दीवाला यांचें फावतें. हानि होते ती त्या गृहस्थाच्या कीर्तीची नव्हे, कागदांची होते, आणि ती भरून येत नाहीं.

१३. म्हणून आमची सूचना इतकीच. इतिहास लिहिण्याचा संकल्प ज्यास करावयाचा त्यानें अवश्य करावा. परंतु त्याच्या आधीं तीन लहान संकल्प पुरे करावे. पहिला, प्रत्येक रुमालांतील कागदांची तारीखवार यादी बाळबोध लिपींत करून रुमालाबरोबरच ठेवावी. दुसरा, वर्षास एक रुमाल, तो लहान असला तरी, नकलून व साल ठरवून प्रकाशनयोग्य करावा. तिसरा, आपल्यामागें हा संग्रह कोणत्या संस्थेनें वा कोणत्या माणसानें संभाळावयाचा तें हातीं लेखणी आहे तोंवर लिहून ठेवावें. शास्त्रकारांच्या चार अनुबंधांत पांचवा घालावयाचा झाल्यास तो 'उत्तराधिकारी' हा घालावा. ग्रंथ वाचण्याचा अधिकारी कोण हें आम्ही नेहमीं सांगतों. अपुरा ग्रंथ पुढें चालविण्याचा अधिकारी कोण, हेंहि त्याच पानावर लिहिलें गेलें पाहिजे.